टोलेडो: गाईडबरोबर वॉकिंग टूर की आपलं आपण फिरायचं?

माद्रिदला जाणारे बरेच जण एक दिवस टोलेडोसाठी काढतात, ट्रेनने अर्धा तास लागतो, आणि मग प्रश्न येतोच की टूर बुक करायची का मोबाईलवर मॅप लावून भटकायचं. मी दोन्ही केलंय. पहिल्यांदा एकटा गेलो, नंतर आईबाबांना घेऊन गाईडबरोबर.

एकट्याने फिरण्यात वेळ आपला असतो, हे मोठं सुख. कॅथेड्रलमध्ये मुख्य वेदीच्या मागच्या बाजूला वरून छत फोडून उजेड आत घेतलाय, त्रान्सपारेन्ते म्हणतात त्याला, तिथे मी नुसता बसून राहिलो आणि कुणी चला चला केलं नाही. पैसेही वाचतात. पर्यटकांसाठीचा रिस्टबँड, म्हणजे मनगटावरचं एकत्र तिकीट, घेतला की सात ठिकाणं होतात, कॅथेड्रलचं तिकीट मात्र वेगळं.

पण तो मॅप! गाव टेकडीवर, तीन बाजूंनी ताहो नदी, आणि बोळ इतके अरुंद की उंच भिंतींमध्ये जीपीएस गोंधळतं. निळा ठिपका मध्येच शेजारच्या बोळात जातो. सपाट गावात एवढं काही वाटत नाही, इथे मॅपवर चिकटून दिसणारे दोन बोळ प्रत्यक्षात एक वर एक खाली असतात, मध्ये पायऱ्या, त्यामुळे चुकलं की चढ परत चढायचा. सांतो तोमे चर्चकडून क्रिस्तो दे ला लुसला जाताना मी एकच चढ तीनदा चढलो, जुलैचं ऊन, पाणी संपलेलं. ९९९ सालची मशीद ती, आत नऊ छोटे घुमट आणि प्रत्येकाची नक्षी वेगळी, पण पोचलो तेव्हा वर बघायचं त्राणच उरलं नव्हतं. दिवसभर मान खाली, नजर स्क्रीनवर, याचा मला फार त्रास झाला आणि माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

कारण दुसऱ्या खेपेला गाईडने जुन्या ज्यू वस्तीत शिरताना पहिल्यांदा काय दाखवलं तर पायाखालची फरशी. दगडांमध्ये बसवलेल्या छोट्या निळ्या-पांढऱ्या टाइल्स, कुठे सात फांद्यांची समई, कुठे हिब्रू अक्षरं, म्हणजे इथून ज्यूंची वस्ती सुरू. मी आधी त्याच बोळातून दोनदा गेलो होतो, तेही खाली बघत, आणि एकही दिसली नव्हती. मग सांता मारिया ला ब्लांकाचं दार. सिनेगॉग ज्यूंचं, कमानी मशिदीसारख्या नालाच्या आकाराच्या, आणि नाव चर्चचं, हे सगळं एकाच इमारतीत कसं आलं ते तिने दारातच उभं राहून सांगितलं आणि १४९२ ला ज्यूंना स्पेनमधून घालवलं तिथपर्यंत आणून सोडलं. आत गेल्यावर बाबा बराच वेळ गप्प होते.

सांतो तोमे चर्चमधल्या, एल ग्रेको या चित्रकाराच्या मोठ्या चित्राचंही तसंच. एकट्याने गेलो तेव्हा गर्दीत पाच मिनिटं बघून बाहेर आलो. गाईडने सांगितलं खाली डावीकडचा मुलगा बघा, तो चित्रकाराचा स्वतःचा मुलगा, त्याच्या खिशातल्या रुमालावर १५७८ लिहिलंय, त्याचं जन्मसाल. आता ते चित्र मला कायम त्या मुलापासूनच आठवतं.

सगळ्याच टूर अशा असतील असं मी म्हणणार नाही. टिपवर चालणाऱ्या फुकट टूरला कधीकधी खूप गर्दी होते, मागे उभं राहिलं की ऐकू येत नाही, आणि अशा टूर बहुतेक बाहेरूनच दाखवतात, त्यामुळे थोडे पैसे जास्त जाऊ देत पण छोटा ग्रुप बघा आणि आत नेणार का ते आधी विचारा. ज्यांना गोष्टींपेक्षा फोटोत जास्त रस आहे त्यांना एकटंच बरं पडेल कदाचित.

माझं विचाराल तर सकाळी पहिली टूर घ्या, ऊन चढायच्या आत दोन तासात अवघड बोळ होऊन जातात, आणि दुपारी कॅथेड्रलला गाईडशिवाय जा, तिथे कुणाचीच गरज नाही. बरोबर गुडघे दुखणारं कुणी असेल तर रेकारेदो रस्त्याच्या बाजूला टेकडीच्या पोटातून वर नेणारे सरकते जिने आहेत, आईला आम्ही तिथूनच नेलं.