अमेरिकेत एमएमएस बरेच महिने वापरल्यावरचा अनुभव (फोटो बेकार, पण पोचतो!)

न्यू जर्सीत आल्यावर कळलं की इथे एमएमएस (एसएमएससारखाच, पण फोटो-व्हिडिओ नेणारा मेसेज) अजून चालतो, आणि नुसता चालत नाही तर लेकीच्या सॉकर टीमचा सगळा कारभारच त्याच्यावर आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करूया म्हटलं तर निम्म्या पालकांकडे ते नाहीच. जर्मनीत व्होडाफोनने जानेवारी २०२३ मध्ये एमएमएस बंदच करून टाकला, इथे मात्र जोरात.

हे चालतं कसं ते आधी सांगते, कारण ते कळलं की बरीच कटकट कमी होते. आपण पाठवलेला फोटो थेट समोरच्याच्या फोनवर जात नाही, तो कंपनीच्या एमएमएससी नावाच्या सर्व्हरवर जाऊन बसतो, मग समोरच्याला एक छुपा एसएमएस जातो, म्हणजे पोस्टमन कसा पार्सल आलंय घेऊन जा अशी चिठ्ठी टाकून जातो तसं, आणि मग त्याचा फोन मोबाइल डेटावरून फोटो खाली ओढतो. म्हणून बऱ्याच फोनवर डेटा बंद असेल तर घरात वायफाय फुल असूनही फोटोच्या जागी नुसतं डाउनलोड असं दिसत राहतं.

माझं तर डेटा चालू असूनही तेच व्हायचं. स्वस्तातलं प्रीपेड सिम घेतलेलं, कस्टमर केअरवाले दर वेळी फोन रीस्टार्ट करा एवढंच सांगायचे. शेवटी सेटिंगमध्ये एपीएन (फोन कंपनीच्या डेटाला कसा जोडायचा ते लिहिलेलं असतं ते पान) उघडून बघितलं तर एमएमएससीचा रकाना चक्क रिकामा! त्यांच्याच साइटवरून पत्ता टाकला आणि अडकलेले फोटो धडाधड आले. अँड्रॉइडवाल्यांनी सिम बदललं की हे आधी बघा.

आता क्वालिटी. नेटवर्कप्रमाणे ३०० केबी, ६०० केबी, फार तर एखाद-दोन एमबी एवढंच जातं, त्यामुळे फोन फोटो दाबून दाबून लहान करतो. कोचने मॅचच्या वेळापत्रकाचा फोटो टाकला होता, त्यातलं ३ आहे की ८ कोणालाच वाचता येईना. व्हिडिओचं तर विचारूच नका, गोल कोणी मारला ते जर्सीच्या रंगावरून ओळखायचं. यावर उपाय एकच, पाठवायच्या आधी क्रॉप करा, म्हणजे तेवढे केबी कामाच्या भागावर खर्च होतात, खूप फरक पडतो खरंच.

आयओएस १८ मध्ये, सप्टेंबर २०२४ ला, आयफोनवर आरसीएस (एसएमएस-एमएमएसच्या जागी आलेली, इंटरनेटवरून मेसेज पाठवायची नवी पद्धत) आलं, त्यामुळे आयफोन आणि अँड्रॉइडमध्ये आता फोटो चांगले जाऊ शकतात. पण आमच्या ग्रुपात एका मुलीचे आजोबा आहेत फ्लिप फोनवाले, त्यांच्यामुळे अख्खा ग्रुप एमएमएसवरच. त्यांना काढायचं कोणाच्या मनातही येत नाही, हाफटाइमची संत्री तेच कापून आणतात 😄 आणि एक, या ग्रुपातून बाहेर पडता येत नाही, फक्त म्यूट. कोणी अंगठा दाखवला की आजोबांना तो इंग्रजीत आख्खा मेसेज म्हणून येतो, बिचारे.

फायदा काय म्हणाल तर नंबर असला की झालं, अ‍ॅप नको अकाउंट नको. इथल्या मराठी मैत्रिणींना देवनागरीत लिहायलाही बरं पडतं, कारण साध्या एसएमएसमध्ये देवनागरीची ७० च अक्षरं बसतात (इंग्रजीची १६०), त्यातही प्रत्येक काना-मात्रा वेगळी मोजली जाते! लांबलचक झालं की बरेच फोन स्वतःच त्याचा एमएमएस करतात.

एमएमएसमध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाच मेसेज वाचता येऊ नये अशी सोय) नसतं, तेव्हा पासपोर्ट, डॉक्टरचे फॉर्म वगैरे मी यावर पाठवत नाही. आणि भारतात पाठवायच्या भानगडीत तर पडूच नका, जादा पैसे लागू शकतात आणि पोचेलच असंही नाही, नागपूरला आईला सगळे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरच.