बारावीनंतर पॅरामेडिक व्हायचंय: इमर्जन्सीची पदवी की जीएनएम?

खंबाटकी किंवा कुंभार्ली घाटात गाडी उलटली की १०८ ला फोन जातो. त्या अँब्युलन्समध्ये रुग्णाजवळ कोण बसतं, हे पाहूनच कोर्स निवडावा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, २३३ अ‍ॅडव्हान्स्ड आणि ७०४ बेसिक. त्यांत डॉक्टर नेमले गेले, बरेचसे बीएएमएस किंवा बीएचएमएस. इतर राज्यांत ईएमटी, म्हणजे इमर्जन्सीचं शिक्षण घेतलेला तंत्रज्ञ, जिथे बसतो, ती जागा आपल्याकडे मुख्यतः डॉक्टरची आहे. म्हणून सातारा-सांगलीच्या मुलामुलींनी नोकरी शोधायची ती मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात), त्यांच्या कार्डिअ‍ॅक अँब्युलन्सवर, कारखान्याच्या वैद्यकीय कक्षात, नाहीतर पुण्या-मुंबईत.

सहा महिन्यांच्या सर्टिफिकेट कोर्सचं आधी बोलू, कारण फसगत इथेच जास्त होते. २०२१ च्या केंद्रीय कायद्यात इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट, म्हणजे पॅरामेडिक, हा व्यवसाय नावानिशी आहे आणि अलाइड हेल्थच्या, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून इतर आरोग्य व्यवसायांच्या, पात्रतेसाठी किमान २००० तासांचं शिक्षण लागतं. रोज ६ तास, महिन्याला २५ दिवस धरले तरी सहा महिन्यांत ९०० तासच भरतात. आधीच अँब्युलन्स चालवणाऱ्याला किंवा वॉर्डात काम करणाऱ्याला हा कोर्स उपयोगी पडेल. बारावी झालेल्याने त्यावर करिअर उभं करू नये.

खरी निवड उरते ती दोन वाटांत: इमर्जन्सीची पदवी, नाहीतर जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा. पदवीला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवं. जीएनएमला इतर शाखांनाही वाट आहे, पण इंग्रजी लागतं. जीएनएम तीन वर्षांचं. पदवीला इंटर्नशिप धरून साधारण त्याहून जास्त काळ जातो. जीएनएमनंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळते आणि गावातल्या दवाखान्यापासून सरकारी भरतीपर्यंत ती चालते. पदवीवाल्याला अशा जागा जिल्ह्यात मोजक्याच. मात्र नर्सिंगमध्ये वॉर्ड, बाळंतपण, सार्वजनिक आरोग्य यांत बराच काळ जातो. श्वासमार्ग, ईसीजी, डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र), अपघातातून माणूस बाहेर काढणं यावर पदवीत जितका हात बसतो तितका तिथे बसत नाही.

हात बसणं म्हणजे काय, ते अँबू बॅगवर, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीवर, कळतं. नवखा माणूस घाबरून बॅग भराभर दाबतो. हवा पोटात जाते, रुग्णाला उलटी होते, ती फुप्फुसात उतरते. छातीतला दाब वाढून हृदयाकडे परतणारं रक्तही कमी होतं. नाडी चालू असलेल्या मोठ्या माणसाला ६ सेकंदांत एकदाच, आणि छाती नुसती उचलली जाईल इतकंच दाबायचं. हृदय थांबल्यावर सीपीआर करताना छातीवर ३० दाबांनंतर २ श्वास; दाब मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, ५ ते ६ सेंटीमीटर खोल. चालत्या गाडीत वळणावर ही खोली हमखास कमी पडते, म्हणून दर २ मिनिटांनी दाबणारा माणूस बदलायचा.

ऑक्सिजनचा हिशेबही यायलाच हवा. भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. काटा निम्म्यावर असेल तर ७५० लिटर. मिनिटाला १० लिटर सोडले तर ७५ मिनिटं. महाबळेश्वरहून साताऱ्याला दीड तास धरला तर हा ऑक्सिजन वाटेतच संपेल. काटा निघण्यापूर्वी बघायचा, घाट उतरताना नाही.

ज्याला अँब्युलन्सच करायची आहे आणि घर सोडायची तयारी आहे, त्याने पदवी घ्यावी. घराजवळच राहायचं असेल किंवा मन ठरत नसेल, तर जीएनएम करून कॅज्युअल्टी आणि आयसीयूत दोन वर्षं काढावीत. ही वाट लांबची असली तरी नोकरी अडत नाही.

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत पाहू नका. कॅज्युअल्टीत किती आठवडे पोस्टिंग, रात्रपाळी असते का, अँब्युलन्सवर प्रत्यक्ष किती दिवस, हे शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा. मिरज, सांगली आणि कऱ्हाडला मोठी हॉस्पिटलं असल्याने अशी पोस्टिंग मिळायला अडचण नसावी. मुलांनी मॅनिकिनशिवाय (सरावाच्या पुतळ्याशिवाय) दुसरं काही सांगितलंच नाही, तर तिथे फी भरू नका.