एनडीपीएस तपासाचं दोन दिवसांचं ट्रेनिंग: मॉक रेडसाठी तरी नक्की जा

मागच्या महिन्यात नाशिकमध्ये ड्रग्जच्या, म्हणजे एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखालच्या केसचा तपास कसा करायचा यावर दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं, आमच्या पोलीस स्टेशनातून आम्ही तिघं गेलो होतो, बऱ्याच जणांनी कसं होतं विचारलं म्हणून लिहितोय. नोकरीला 19 वर्षं झाली माझ्या. पहिल्या दिवशी दुपारी जे शिकलो ते माझ्या पहिल्या गांजाच्या केसआधी कुणी शिकवलं असतं तर तो आरोपी सुटला नसता. माल हातात, आरोपी जागेवर, पण पंचनाम्यातलं वजन आणि कोर्टातलं वजन जुळलं नाही आणि केस गेली. अजून आठवलं की झोप लागत नाही.

मॉक रेड, म्हणजे सरावासाठी घातलेला खोटा छापा, हाच या ट्रेनिंगचा जीव. मागच्या खोलीत दोघं 'आरोपी' बसवलेले, खिशात तुरटीच्या पावडरची पुडी. आम्ही घाईघाईत दोघांना मिळून एनडीपीएसच्या कलम 50 ची एकच नोटीस दिली, सरांनी तिथंच थांबवलं. अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर व्हावी हा हक्क प्रत्येकाला वेगळा सांगायचा, आणि 'नाहीतर आम्हीच घेतो' हा तिसरा पर्याय तोंडातून काढायचाच नाही, सुप्रीम कोर्टाने 2014 च्या निकालात हे स्पष्ट सांगितलंय. आमच्यातल्या निम्म्या लोकांना हे माहीतच नव्हतं.

मग वजन. पुडी काट्यावर ठेवली तर 52 ग्रॅम, आम्ही तसंच लिहायला घेतलं. सरांनी पावडर काढून रिकामी पिशवी वेगळी मोजायला लावली, 3 ग्रॅम. म्हणजे माल 49. एमडी (मेफेड्रोन हे ड्रग) 50 ग्रॅमच्या वर गेली की कायद्याने कमर्शियल, म्हणजे व्यापारी प्रमाणातला माल, किमान 10 वर्षं शिक्षा आणि कलम 37 मुळे जामीन अवघड, खाली राहिली तर सगळंच बदलतं. एका प्लास्टिकच्या पिशवीने अख्खी केस फिरते हे डोळ्यांनी बघितलं. जागेवरच सॅम्पल काढायची जुनी सवयही मोडली, 2022 च्या नियमांनी सॅम्पल आता कलम 52अ खाली मॅजिस्ट्रेटसमोर काढायचं. झडतीचं व्हिडिओ शूटिंग, लाखेचं सील, पंचांच्या सह्या, सगळं दोन दोनदा करून घेतलं.

नाराजी आहे ती दुसऱ्या दिवसाबद्दल. विषय होता सीमेपलीकडून येणारा माल. 2021 मध्ये मुंद्रा पोर्टवर टाल्कच्या नावाखाली जवळपास 3000 किलो हेरॉइन आलं, अफगाणिस्तानातून इराणमार्गे, ती गोष्ट छान सांगितली. पण आपल्यासारख्या तपास अधिकाऱ्याने करायचं काय? बाहेरच्या देशातून पुरावा मागवायचा तर बीएनएसएस (सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 112 चं विनंतीपत्र कसं तयार करायचं, आरोपीची प्रॉपर्टी एनडीपीएसच्या कलम 68फ खाली गोठवायची तर 30 दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडून कायम कशी करून घ्यायची, हे सगळं 40 मिनिटांत गुंडाळलं. पैशाचा माग लागत नाही तोवर आपण पुडीवाल्यालाच धरत राहणार आणि माल पाठवणारा मोकळाच. 2023 ला आपल्याच शिंदे गावातला एमडीचा कारखाना मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी येऊन शोधला, सुमारे 300 कोटींचा माल, नाशिकचा पोलीस म्हणून ते मनाला फार लागलं होतं. म्हणून या भागाला पूर्ण दिवस द्या, एखादी खरी फाईल समोर ठेवून शिकवा, ही हात जोडून विनंती.

जेवण ठीक, बसायला खुर्च्या कमी पडल्या, हँडआउट मराठीत होता हे फार बरं झालं. पाचपैकी चार.

आमच्याबरोबर मुद्देमाल कारकून आले होते, ते पहिल्या दिवशी मागे गप्प बसून होते. सोमवारी मी ड्युटीवर पोचलो तर ते स्टेशनचा काटा पिशवीत घालून वैधमापनच्या ऑफिसला तपासायला निघाले होते.