‘फाइल लिमिट पॅक’ विकत घेण्यापूर्वी हे वाचा

वरूड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या कार्यालयात मी हिशेब आणि कागदपत्रांचे काम पाहतो. क्लाउड स्टोरेजचे सिंक सॉफ्टवेअर, म्हणजे इंटरनेटवर साठवलेल्या फाइली प्रत्येक संगणकावर सारख्या ठेवणारा प्रोग्राम, अपग्रेड करून देतो असे सांगून जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका विक्रेत्याने आमच्याकडून आधी एका खोट्या आश्वासनावर पैसे घेतले आणि नंतर मुळात कोणी विकतच नसलेल्या वस्तूसाठी पुन्हा पैसे घेतले. आपल्याकडच्या पतसंस्था, जिनिंग, बाजार समित्या आणि शेतकरी कंपन्यांपैकी ज्यांचे कागद आता संगणकावर गेले आहेत, त्या प्रत्येकाला ही वेळ येऊ शकते, म्हणून घडले ते तपशिलाने लिहितो आहे.

आमच्यासारख्या कार्यालयाच्या फाइली आकाराने लहान, पण संख्येने प्रचंड असतात. प्रत्येक सभासदाचा सातबारा, आठ-अ, आधार, पासबुकाचे पहिले पान आणि संमतीपत्र असते. शिवाय आंबिया आणि मृग या दोन्ही बहारांत संकलन केंद्रावर आलेल्या प्रत्येक गाडीची काटापट्टी, क्रेटचे फोटो, प्रतवारीचा तक्ता आणि चुकाऱ्याची पावती त्यात पडत जाते. केंद्रावरचा मुलगा मोबाइलने फोटो काढतो आणि तो प्रत्येक फोटो ही एक स्वतंत्र फाइल होते. काही वर्षांचा हा साठा जागेच्या मापाने अर्ध्या टीबीच्या आत बसत होता, पण संख्येने तो सहा लाखांच्या पुढे गेला होता. विक्रेत्याने या दोन मापांतला फरक बरोबर हेरला. तो बोलायचा ते जीबी आणि टीबीमध्ये, आणि सिंक अडते ते मात्र फाइलींच्या संख्येवर.

प्रस्ताव असा होता की जुन्या संगणकांवरचे सिंक सॉफ्टवेअर काढून नवीन आवृत्ती टाकायची, त्याबरोबर मायक्रोसॉफ्टची व्यवसायासाठीची योजना घ्यायची, सगळे फोल्डर शेअरपॉइंट या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीतल्या एका लायब्ररीत (फाइलींच्या कप्प्यात) ठेवायचे आणि तेथून वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्याच सिंक करणाऱ्या प्रोग्रामच्या मार्फत कार्यालयातील व केंद्रांवरील प्रत्येक संगणकावर ते सिंक करायचे. विक्रेत्याने आमच्या मुख्य संगणकावर फोल्डरची ‘प्रॉपर्टीज’ची खिडकी उघडली. त्या खिडकीत आकार आणि फाइलींची संख्या जवळजवळ दिसतात. त्याने आकार तेवढा उतरवून घेतला. संचालकांपैकी एकाने फाइली फार आहेत, हे चालेल ना, असे स्पष्ट विचारले, तेव्हा त्याचे उत्तर होते, “भाऊ, तुम्ही निर्धास्त टाकत राहा, तीन कोटी फाइली बसतात यात.” कोटेशनवरही त्याने ‘अमर्याद फाइली, सर्व संगणकांवर संपूर्ण सिंक’ असे छापून दिले आणि पुराव्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या पानावरची एक ओळ सोबत जोडली.

ती ओळ खरी होती. शेअरपॉइंटच्या एका लायब्ररीत तीन कोटी फाइली साठवता येतात, असे मायक्रोसॉफ्ट सांगते. परंतु त्याच पानावर असेही लिहिले आहे की सिंक नीट चालावे म्हणून सर्व लायब्ररी मिळून ३,००,००० पेक्षा जास्त फाइली सिंक करू नयेत, आणि एखाद्या लायब्ररीतील सगळ्या फाइली तुम्ही सिंक करत नसलात तरीही त्या लायब्ररींतील एकूण संख्या ३,००,००० च्या पुढे गेली तर काम मंदावू शकते. साठवणे आणि सिंक करणे ही दोन वेगळी कामे आहेत. गोदाम कितीही मोठे असले तरी दारात काटा एकच असेल तर गाड्या रस्त्यावर उभ्या राहतात, तसे हे आहे. विक्रेत्याने गोदामाची ओळ कापून आम्हाला दिली आणि काट्याची ओळ ठेवून घेतली. याला मी गैरसमज म्हणणार नाही, कारण दोन्ही गोष्टी एकाच पानावर आहेत आणि जो माणूस हे काम विकतो त्याने ते पान वाचलेले असते.

पुढे जे झाले ते आंबिया बहाराच्या ऐन गर्दीत झाले. वनड्राइव्हचे चिन्ह दिवसभर फिरत राहायचे आणि बदलांवर प्रक्रिया सुरू आहे एवढेच सांगायचे; केंद्रावर सकाळी टाकलेली काटापट्टी मुख्य कार्यालयात संध्याकाळपर्यंत दिसत नसे, आणि एकाच यादीच्या दोन संगणकांवर दोन वेगळ्या प्रती तयार होत. चुकाऱ्याच्या यादीत काही शेतकऱ्यांचे बदललेले खाते क्रमांक पोहोचलेच नाहीत, त्यामुळे त्यांचे पैसे बँकेतून परत आले आणि पुन्हा पाठवावे लागले. ज्याने संत्रा देऊन मजुरांचे पैसे उधारीवर भागवले आहेत, त्याला संगणक अडकला आहे असे सांगावे लागणे किती जड जाते हे केवळ कार्यालयात बसलेल्यालाच कळते. ही हानी कोणत्याही बिलात येत नाही, पण माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी हानी हीच होती.

तक्रार केल्यावर विक्रेता आला आणि त्याने शांतपणे सांगितले की तुमची ‘फाइल लिमिट’ संपली आहे, ती वाढवून घ्यावी लागेल, त्यासाठी वेगळा पॅक असतो. अमर्याद असे छापून देणाऱ्या माणसाने मर्यादा संपल्याचे सांगून पुन्हा पैसे मागितले. हंगाम ऐन भरात होता, चुकारे थांबलेले होते, आणि मंडळाने नाइलाजाने ती रक्कम मंजूर केली. पावतीवर ‘फाइल लिमिट एक्स्टेन्शन, दहा लाख’ असे लिहिलेले आहे. असा कोणताही पॅक मायक्रोसॉफ्ट विकत नाही. जादा जागा विकत मिळते, जादा वापरकर्त्याचे लायसन्स विकत मिळते, पण ३,००,००० ची ती सूचना सिंक करणाऱ्या प्रोग्रामच्या क्षमतेविषयी आहे आणि कितीही पैसे भरले तरी ती वाढत नाही.

हे उघडकीस आले ते ॲडमिनच्या, म्हणजे सगळी व्यवस्था आणि बिले ज्याच्या ताब्यात असतात त्या, खात्यामुळे. सगळी योजना विक्रेत्याने स्वतःच्या ईमेलवर ॲडमिन ठेवून उभी केली होती आणि आमच्याकडे फक्त साध्या वापरकर्त्यांचे पासवर्ड होते. लेखी मागणी करून, लेखापरीक्षकांचे पत्र जोडून आम्ही ते अधिकार मिळवले, तेव्हा बिलिंगच्या विभागात त्या तारखेला एका जादा वापरकर्त्याचे लायसन्स वाढलेले दिसले. त्याच्या कित्येक पट रक्कम आमच्याकडून घेतली गेली होती. कोणत्याही कार्यालयाने खरेदीच्या दिवशीच मुख्य ॲडमिनचे खाते संस्थेच्या नावाने आणि संस्थेच्या ताब्यात घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन; विक्रेत्याला काम करायचे असेल तर त्याला तेवढ्यापुरते अधिकार देता येतात.

आता दुसरे विक्रेते येऊन दुसऱ्या कंपनीचे सॉफ्टवेअर घ्या, तेथे अशी मर्यादा नाही, असे सांगू लागले आहेत. तेही खरे नाही. ड्रॉपबॉक्सनेही ३,००,००० फाइलींच्या पुढे संगणकावरील ॲपचा वेग कमी होऊ शकतो असे स्वतःच सांगितले आहे. गूगलच्या शेअर्ड ड्राइव्हमध्ये ५,००,००० नगांची मर्यादा आहे आणि तीत फाइलींबरोबर फोल्डर आणि शॉर्टकटही मोजले जातात. २०२३ मध्ये तर गूगलने एका वापरकर्त्याच्या ड्राइव्हमध्ये ५० लाख फाइलींची मर्यादा गाजावाजा न करता लावली होती आणि ओरड झाल्यावर एप्रिलमध्ये ती मागे घेतली. तेव्हा नाव कोणतेही असो, किती टीबी मिळतील या प्रश्नाबरोबर किती फाइली आणि फोल्डर सिंक होतील हा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तर मूळ कंपनीच्या पानावरून स्वतः ताडून पाहावे.

आमची अडचण शेवटी नवीन काहीही विकत न घेता सुटली. मागील वर्षांचे कागद वेगळ्या लायब्ररींत हलवले आणि त्या कोणत्याही संगणकावर सिंक न करता गरज पडल्यास ब्राउझरमधून उघडायच्या असे ठरवले. चालू हंगामासाठी प्रत्येक केंद्राची लायब्ररी स्वतंत्र केली. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: मोठ्या लायब्ररीतले थोडेच फोल्डर निवडून सिंक केल्याने भागत नाही, कारण वर सांगितल्याप्रमाणे संख्या पूर्ण लायब्ररीची धरली जाते, फाइल संगणकावर न उतरवता नुसते चिन्ह ठेवण्याच्या सोयीनेही मोजणी कमी होत नाही. प्रत्येक सभासदाच्या सुट्या कागदांची मिळून एक पीडीएफ केली, आणि दिवसभराच्या काटापट्ट्यांचीही एकच. हे काम आमच्या दोन ऑपरेटर मुलींनी अतिशय चिकाटीने केले. आता सकाळची काटापट्टी काही मिनिटांत मुख्य कार्यालयात दिसते.

पैशांबाबत वकिलांचे म्हणणे असे पडले की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा बसत नसल्याने आमच्यासारख्या कंपनीला ग्राहक आयोगाचा मार्ग अवघड आहे. म्हणून कोटेशन, ती कापून जोडलेली ओळ, पॅकची पावती आणि बिलिंगच्या पानाची प्रत जोडून विक्रेत्याला कायदेशीर नोटीस दिली आहे, आणि उत्तर न आल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार देण्याचा ठराव मंडळाने केला आहे. या सगळ्यात आमच्या हाती जोर आहे तो छापील कोटेशनचा. तोंडी दिलेले तीन कोटींचे आश्वासन त्याने केव्हाच नाकारले आहे. कोणाच्या कार्यालयात ‘फाइल लिमिट’ वाढवल्याची पावती असेल तर त्यांनी ती जपून ठेवावी आणि त्या तारखेचे बिलिंगचे पान आजच उघडून पाहावे.