आठवडे बाजारात सुटा माल न्यावा की पॅकबंद?

गाळा मिळाला, वार ठरला, टेम्पो सांगून झाला, की पुढचा प्रश्न येतो तो कागदपत्रांचा. काय काय लागतं, असं विचारलं तर चार जण चार उत्तरं देतात, आणि बहुतेक वेळा चौघंही खरं सांगत असतात. कारण नियम बाजारावर ठरत नाहीत, मालावर ठरतात. शेतातून निघाल्यावर तो तसाच क्रेटमध्ये आला, पिशवीत भरून तोंड बंद झालं, की चक्कीतून अथवा घाण्यातून गेला, यावर सगळं फिरतं.

| | सुटा, स्वतः पिकवलेला | पॅकबंद, पण अख्खा | दळलेला, भरडलेला, गाळलेला |
|---|---|---|---|
| अन्न नोंदणी | शेतकऱ्याला नको | घेतलेली बरी | हवीच |
| इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी | दर वर्षी | दर वर्षी | दर वर्षी |
| पॅकर म्हणून नोंदणी | नको | 90 दिवसांत, 500 रुपये | 90 दिवसांत, 500 रुपये |
| लेबल | नको | वैधमापनाचं (वजन-मापाच्या कायद्याचं) पूर्ण | वैधमापनाचं आणि अन्नाचं, दोन्ही |

सुटा माल: मोकळीक आहे, पण ती शेतकऱ्याला आहे

अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चं कलम 18 शेतकरी, शेतीची कामं आणि शेतावरचा माल यांना कायद्याबाहेर ठेवतं. राज्याच्या 1963 च्या पणन कायद्यातही कलम 6 मध्ये स्वतःचा माल विकणाऱ्या शेतकऱ्याला आणि किरकोळ विक्रीला सूट आहे. 2016 मध्ये बाजार समितीच्या आवाराबाहेर फळं आणि भाजीपाला नियमनमुक्त झाला, त्याच वर्षी पणन मंडळामार्फत संत शिरोमणी सावता माळी शेतकरी आठवडे बाजार अभियान सुरू झालं. त्यामुळे आपली वांगी आपणच काट्यावर घालून देणाऱ्याला बाजार समितीचा किंवा अन्न विभागाचा परवाना लागत नाही.

घोळ होतो तो शेजाऱ्याच्या मालापाशी. आपली मेथी संपली म्हणून बांधापलीकडच्याची पन्नास जुडी घेतली, किंवा गिऱ्हाईक बटाटा मागतं म्हणून सकाळी मार्केटातून दोन कट्टे उचलले, की तेवढ्या मालापुरते तुम्ही शेतकरी राहत नाही, व्यापारी होता. कायद्याच्या व्याख्येत शेतमाल शेतकऱ्याव्यतिरिक्त दुसऱ्याच्या हातात गेला की तो 'प्राथमिक अन्न' ठरतो आणि नोंदणीच्या कक्षेत येतो. गटाने विकणाऱ्यांनी हे आधीच मिटवावं: नोंदणी गटाच्या किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या नावाने काढावी आणि स्टॉलवर कोणाचा माल किती, याची साधी वही ठेवावी. एकट्याने बसणाऱ्याने सातबाऱ्याची प्रत जवळ ठेवावी, मात्र त्यावर त्या हंगामाची पीक नोंद हवी. ई-पीक पाहणी राहून गेली असेल तर सातबारा जमीन तुमची असल्याचं सांगतो, टोमॅटो तुमचा असल्याचं नाही.

सुट्या मालावर दंड बसतो तो बहुधा पिशवीमुळे. राज्यात 2018 पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे. पहिल्या वेळी 5,000, दुसऱ्या वेळी 10,000, तिसऱ्या वेळी 25,000 रुपये आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. दिवसाचा गल्ला एका पिशवीपायी जाऊ शकतो. गिऱ्हाइकाला पिशवी आणायला सांगा, नाहीतर कापडी पिशवी विकत द्या. चिरलेली फळं, मोड आलेली कडधान्यं वर्तमानपत्रात बांधून देऊ नयेत. छपाईची शाई अन्नाला लागते म्हणून ते नियमातच बसत नाही. आंबा-केळी पिकवायला कार्बाइड वापरायला मनाई आहे. इथिलीन वायू चालतो, तोही 100 पीपीएमपर्यंतच.

काटा सगळ्यांनाच

सुटा असो की बंद, काट्यातून कोणाचीच सुटका नाही. इलेक्ट्रॉनिक काटा दर 12 महिन्यांनी वैधमापनशास्त्र विभागाकडून पडताळून, मुद्रा मारून घ्यायचा असतो. लोखंडी वजनं आणि दांडीचा तराजू यांना दोन वर्षं चालतात. पडताळणीचं प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल असं लावावं. ताडपत्रीच्या बांबूला प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये टांगलं तरी पुरे.

काटा घेण्याआधी त्याची पाटी वाचा. बाजारात सर्रास दिसणाऱ्या 30 किलोच्या काट्यावर लिहिलेलं असतं: कमाल 30 किलो, किमान 100 ग्रॅम, e = 5 ग्रॅम (e म्हणजे काट्याची लहानात लहान पायरी). म्हणजे 100 ग्रॅमच्या खालचं वजन त्याच्यावर करायचं नाही. 50 ग्रॅम मिरची किंवा आल्याचा तुकडा त्यावर टाकला तर पाच ग्रॅमचा फरक म्हणजे थेट दहा टक्के. मसाले विकणार असाल तर लहान पल्ल्याचा दुसरा काटा लागेल, आणि त्याचीही पडताळणी वेगळी. स्वयंपाकघरातला ऑनलाइन मागवलेला काटा मुद्रेशिवाय स्टॉलवर ठेवू नये, 'फक्त अंदाजाला' म्हणूनसुद्धा नाही.

पॅकबंद: इथे कागद वाढतात

गिऱ्हाइकासमोर मोजून पिशवीत घालून दिलं, तर ते पॅकबंद नव्हे. गिऱ्हाईक हजर नसताना ठरावीक वजन भरून ठेवलं, तर ते पॅकबंद. एवढ्याशा फरकाने 2011 चे पॅकबंद वस्तू नियम लागू होतात. घरी रात्री बसून अर्ध्या किलोच्या तुरीच्या पिशव्या शिवल्या, की त्यावर वस्तूचं नाव, पॅकरचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी नाव, पत्ता, फोन, ईमेल आलंच पाहिजे.

हल्ली सगळ्यात जास्त राहून जाते ती एकक किंमत. एक किलोपेक्षा कमी असेल तर प्रति ग्रॅम, जास्त असेल तर प्रति किलो, दोन दशांशांपर्यंत. 250 ग्रॅमचं पाकीट 90 रुपयांना असेल तर 0.36 रुपये प्रति ग्रॅम. जुन्या छापखान्यातून आणलेल्या लेबलांवर ही ओळच नसते. हजार लेबलं छापून घेण्याआधी एक नमुना हातात घेऊन ओळीओळीने तपासा. पॅकिंग सुरू केल्यापासून 90 दिवसांत पॅकर म्हणून नोंदणी करायची, शुल्क 500 रुपये.

पालेभाजी पॅक करण्याच्या फंदात शक्यतो पडू नये. सकाळी 250 ग्रॅम भरलेला पालक दुपारच्या उन्हात वजनाला उतरतो, लेबल मात्र 250 च म्हणत राहतं.

धान्य, अख्खी कडधान्यं, गूळ यांत खरी निवड असते. पॅकबंद करून लेबल लावलेल्या 25 किलोपर्यंतच्या अशा मालावर जुलै 2022 पासून 5 टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. स्वतःच्या जमिनीतल्या पिकापुरती शेतकऱ्याला जीएसटी नोंदणीतून सूट आहे, आणि फक्त माल विकणाऱ्याची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणीचा प्रश्न येत नाही. पण शेतकरी उत्पादक कंपनी जीएसटीत आधीच नोंदणीकृत असेल तर तिच्या पाकिटावर कर बसतो. त्यांनी धान्य पोत्यातून सुटं विकलेलं सोयीचं.

निवड जिथे तुमच्या हातात नाही

हळद पूड, तिखट, गोडा मसाला, म्हणजे दळलेले मसाले, सुटे विकायचे नाहीत. ते पॅकबंदच हवेत. खाद्यतेलाचंही तेच. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल गिऱ्हाइकाच्या बाटलीत पळीने ओतून देणं कितीही आपुलकीचं वाटलं तरी ती सुटी विक्रीच. हळकुंड मात्र सुटी चालतात. ज्यांना कागद नकोत त्यांनी हळकुंड आणावीत आणि दळण गिऱ्हाइकावर सोडावं. घरची हळद घेणारं गिऱ्हाईक तेवढे कष्ट खुशीने घेतं.

तुरीची डाळ झाली, शेंगांचं तेल झालं, की माल नैसर्गिक रूपात राहिला नाही, म्हणजे अन्न नोंदणी आली. अन्न परवान्याच्या 2011 च्या मूळ नियमावलीत वर्षाला 12 लाखांपर्यंतच्या उलाढालीला फक्त नोंदणी होती, शुल्क वर्षाला 100 रुपये, त्यावर परवाना. अर्ज अन्न नोंदणीच्या 'फॉस्कॉस' या सरकारी पोर्टलवर भरायचा, आणि भरताना तिथे दिसेल ती मर्यादा धरायची. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा तयार ठेवा. पत्ता जिथे दळण-भरण होतं तिथला द्या, बाजाराचा नको. तपासणी झाली तर तिथेच होते. सात दिवसांत नोंदणी, नकार किंवा तपासणीची नोटीस यायला हवी.

मग पाकिटावर वैधमापनाच्या ओळींशिवाय अन्न नोंदणीचा 14 अंकी क्रमांक, घटक उतरत्या क्रमाने, शाकाहारी चिन्ह, बॅच क्रमांक आणि 'या तारखेपूर्वी वापरा' हे सगळं. बॅच क्रमांक नाटकी असायची गरज नाही. दळणाची तारीख पुरते, पण तीच तारीख घरच्या वहीत हवी. एका पाकिटात किडे निघाले तर त्या दिवशीची बाकीची पाकिटं नेमकी कोणती, हे तिथूनच कळतं.

'सेंद्रिय' लिहायचं का?

2017 च्या सेंद्रिय अन्न नियमांत ग्राहकाला थेट विकणाऱ्या लहान मूळ उत्पादकाला, वर्षाला 12 लाखांपर्यंत, प्रमाणीकरणातून सूट आहे. प्रक्रिया केलेल्या मालाला ती नाही, आणि सूट घेणाऱ्याला 'जैविक भारत'चं (सेंद्रिय मालाचं सरकारी) बोधचिन्ह लावता येत नाही. तेव्हा सुट्या भाजीच्या पाटीवर सेंद्रिय चालेल, तुरीच्या डाळीच्या पाकिटावर प्रमाणपत्राशिवाय नाही. आठवडे बाजारासाठी पीजीएस-इंडिया, म्हणजे शेतकरी गटाने मिळून करायचं सेंद्रिय प्रमाणीकरण, पुरेसं आहे; किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो आणि गटातलेच एकमेकांची शेतं तपासतात. शेत सेंद्रियकडे वळत असतानाच्या रूपांतराच्या काळात 'पीजीएस-ग्रीन' मिळतं, ते सेंद्रिय म्हणून खपवू नये. माल निर्यात होणार असेल तरच एनपीओपीच्या, म्हणजे बाहेरच्या संस्थेकडून तपासणी करून घ्यायच्या राष्ट्रीय सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या, खर्चात पडावं.

बाजार भरवणाऱ्यांसाठी

सोसायटीच्या आवारात समितीची लेखी परवानगी घ्या. पालिकेच्या मैदानावर पालिकेची. रस्त्याच्या कडेचं प्रकरण वेगळं: तिथे 2014 चा पथविक्रेता कायदा आणि विक्री प्रमाणपत्र येतं, म्हणून नव्याने बाजार सुरू करणाऱ्याने रस्ता टाळावा. प्रत्येक स्टॉलची फाइल ठेवा: सातबारा, काट्याचं प्रमाणपत्र, दळलेला माल असेल तर नोंदणी. काट्याच्या पडताळणीच्या तारखा मात्र एका भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, कारण तीसपैकी दोघं-तिघं दर महिन्याला मुदत चुकवतात. संध्याकाळी भाव उतरवायला पाकिटावर कमी किमतीची चिठ्ठी लावता येते, पण मूळ छापील किंमत झाकायची नाही. वाढीव किमतीची चिठ्ठी मुळीच चालत नाही.