वाडीतली शाळा की समूह शाळा?

२०पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचा विचार राज्य सरकारने २०२३मध्ये पुढे आणला. मग शाळा व्यवस्थापन समितीने आमदारांकडे काय मागावं?

समूह शाळेत इयत्तेगणिक शिक्षक, प्रयोगशाळा, खेळायला पुरेसे गडी. ही मोठीच गोष्ट आहे. वाडीतल्या शाळेत एका खोलीत चार इयत्ता, खडूने चार भाग केलेला फळा मी पाहिलाय. पण समूह शाळा लांब, ओढा फुगला की मुलांना न्यायला गाडी येत नाही, आणि सगळ्यात आधी मुलीचं दप्तर खुंटीला लागतं. शिक्षण हक्काच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत आहे, ६० मुलांपर्यंत दोन शिक्षकही. म्हणून पहिली मागणी दुसऱ्या शिक्षकाची. समूह शाळा सहावीपासून चालेल, तीही गाडी आणि मदतनीस ताई लेखी मिळाल्यावरच.