लेटेरा २२ : आठ महिने वापरल्यानंतर

ऑलिव्हेटी या इटालियन कंपनीचा लेटेरा २२ हा टाइपरायटर घरात येऊन आठ महिने झाले. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर नुसतं रूपाचंच कौतुक केलं असतं, कारण रूप आहेच तसं. हे १९५० सालचं मॉडेल. बाहेरचा घाट मार्चेल्लो निझ्झोली यांचा, आतली यंत्रणा ज्युझेप्पे बेच्चो यांची. १९५४ मध्ये याला इटलीचा कोंपासो दोरो हा डिझाइनचा पुरस्कार मिळाला, आणि न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनेही तो संग्रहात घेतला. पण काचेमागच्या यंत्रावर कुणी पत्र लिहीत नाही. मला लिहायचं होतं.

विकणाऱ्याने सांगितलं होतं, "एकदम चालू आहे, नुकतंच ऑइलिंग केलंय." त्या ऑइलिंगनेच घात केला होता. 'एस' दाबला की त्या अक्षराची दांडी वर जायची, कागदावर ठसा उमटवायची आणि तिथेच अडून बसायची. बोटाने खाली लोटली की मग पुढचं अक्षर. 'डी' आणि 'ई' यांचीही तीच तऱ्हा.

अक्षरांच्या सगळ्या दांड्या धातूच्या एका कमानीतल्या बारीक खाचांमध्ये बसतात. या कमानीला सेगमेंट म्हणतात. खाच जेमतेम दांडीच्या जाडीएवढी. तिथे तेल गेलं की धूळ, रिबनचे धागे, खोडरबराचा भुगा सगळं त्याला चिकटतं आणि त्याचा डिंक होतो. सेगमेंट कोरडाच चालायला हवा. माझ्या यंत्रात मोडलेलं असं काहीच नव्हतं. आधीच्या मालकांनी मायेने घातलेलं तेल तेवढं उपसायचं होतं.

खिडक्या उघड्या टाकून, जुना टूथब्रश आणि व्हाइट स्पिरिट (रंग पातळ करायचं द्रावण) घेऊन बसलो. खाचा घासायच्या, अडकणारी की पन्नासेक वेळा दाबायची, बाहेर आलेला काळा रस चिंधीने टिपायचा. पहिल्या संध्याकाळी 'एस' सुटला, मी खूश. सकाळी स्पिरिट उडून गेलं आणि 'एस' पुन्हा जागच्या जागी. मळ विरघळून खाचेत आणखी खोल गेला होता. अशा चार बैठका झाल्या, तेव्हा कुठे चिंधी स्वच्छ निघायला लागली. त्यानंतर आजपर्यंत दांडी अडकलेली नाही.

एक चूक मात्र कायमची अंगावर राहिली. अक्षरांचे ठसे पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतलं होतं. त्याचा थेंब रंगावर पडला आणि मी घाईघाईने तो चोळून पुसला. रिबनच्या झाकणाजवळ नखाएवढा निस्तेज डाग पडलाय. कुणाला दाखवल्याशिवाय दिसत नाही. मला रोज दिसतो.

रबराचा रोलर वयोमानाने दगड झालाय. नवं रबर चढवून घेणं हाच खरा इलाज, तो अजून केलेला नाही. सध्या कागदामागे आणखी एक कोरा कागद लावतो. आवाज मऊ होतो आणि पूर्णविरामाने कागदाला भोक पडणं थांबतं.

रिबनने मात्र दोन संध्याकाळी खाल्ल्या. अर्धा इंच रुंदीची रिबन आजही नवी मिळते. ती मूळ रिळांवर गुंडाळायची, रिळं फेकायची नाहीत. मी जास्तीची रिबन कापली, आणि तिच्याबरोबर टोकाजवळची धातूची कडीही गेली. रीळ संपत आलं की ती कडी अडकते आणि रिबनची दिशा उलटते. कडी नाही म्हणून रिबन ताणून एकाच जागी थांबली, अक्षरं पुसट व्हायला लागली आणि मी भलतेच स्क्रू सोडवत बसलो.

बाकी लिहायला सुख आहे. शिफ्ट दाबल्यावर अख्खी कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा वरचा भाग, उचलावी लागत नाही, दांड्यांची टोपली खाली जाते, त्यामुळे करंगळी दुखत नाही. संगणकाच्या वेगाने बडवलं तर दोन दांड्या वरच एकमेकींत गुंततात, म्हणून हात आपोआप संथ होतो. माझ्या यंत्रावर १ची की नाही, तिथे लहान 'एल' वापरायचा. उद्गारचिन्हही नाही: आधी अपॉस्ट्रॉफी, मग बॅकस्पेस, मग पूर्णविराम. एवढा खटाटोप कोण करणार? माझ्या पत्रांतली उद्गारचिन्हं जवळजवळ संपलीच. की रोमन लिपीच्या आहेत, त्यामुळे मराठी पत्रं हातानेच लिहितो.

घेणार असाल तर अडकलेल्या कीला घाबरू नका, ती सुटते. कॅरेज या टोकापासून त्या टोकापर्यंत विनासायास जाते का, तिला ओढणारा पट्टा किंवा दोरी शाबूत आहे का, गंज आणि वाकलेल्या दांड्या किती, हे पाहा. याच्यानंतर आलेला १९६३चा लेटेरा ३२ मिळाला तरी यातलं बहुतेक सगळं लागू पडेल. आणि विकणारा कौतुकाने "ऑइलिंग करून दिलंय" म्हणाला, तर व्हाइट स्पिरिटच्या चार बैठका धरून चाला.